चार आणे कमी

वरचा ओठ उचलला आणि बोटाला घट्टा लागला,
मध्याच्या जरा उजवीकडं, पावट्याएवढा, टणक.
काय वाजवायचात? मी विचारलं.
तोंडात आरसा असताना माणूस उत्तर देत नाही.
लेम्युएल गॅडिस यांनी मांडीवर तीन बोटं हलवली,
पहिलं, मग पहिलं-तिसरं, मग तिन्ही.

पिट्सबर्ग, पेन अव्हेन्यू, खाली लॉन्ड्री, वर माझा दवाखाना.
मार्चचा काळपट बर्फ फूटपाथच्या कडेला.
वय एक्याऐंशी.
वरचा डावा मधला दात, इथल्या मोजणीत नववा,
कोपऱ्यातून पाव हिस्सा उडालेला,
कडा झिजून गुळगुळीत. म्हणजे तुटून जमाना झाला.

चूळ भरल्यावर बोलले.
एकोणसाठ साली एका क्लबवाल्यानं रात्रीच्या हिशेबात
पाव डॉलर कमी दिला. यांनी मागितला.
त्यानं दिला,
मुठीत धरून दिला.

पुढच्याच सोमवारी रेकॉर्डिंग, न्यू जर्सीत,
स्वतःच्या नावाचं पहिलं.
साडेतीनशे मैल, एका स्टेशन वॅगनमध्ये पाच जण,
डबल बेसची मान समोरच्या काचेला टेकलेली,
ऑरिन पेटवे मोठी झांज मांडीवर घेऊन झोपलेला.
माउथपीस जागेवर टेकेना, तेव्हा उजवीकडं सरकवला.
सहा तासांत सात चिजा.
रेकॉर्डचं नाव ‘टू बिट्स शॉर्ट’.
टू बिट्स म्हणजे पाव डॉलर.
चार आणे कमी, मी मनात म्हटलं.

मग हा कोपरा बसवला तर सूर बदलेल, मी म्हणाले,
कलावंतांशी आपण बोलतो तशी, मान किंचित खाली घालून.
ते हसले. ट्रम्पेट विकलं सत्त्याहत्तरमध्ये,
घरची भट्टी बंद पडली त्या हिवाळ्यात.
“डॉक्टर, मला मक्याचं कणीस खायचंय.
दातांनी. सुरीनं दाणे सोडवून नव्हे.
चौपन्न वर्षं झाली.”

मी आधी साचा घेतला, मग कोपरा बसवला,
फार पांढरा नाही, शेजाऱ्यांत मिसळेल असा.

रेकॉर्ड मला पुढं दोन वर्षांनी मिळाली,
एका गॅरेजमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यात. चार डॉलर.
पहिली बाजू रागावलेली आहे.
ड्रम भांडण काढतो, टीगचा सॅक्सोफोन मधे पडतो,
सोडवायला नव्हे.
मला समेची सवय. इथं सम कुठं ते ठरवेपर्यंत
ही माणसं पुढच्या गल्लीत.

दुसऱ्या बाजूची तिसरी चीज संथ.
सगळे थांबतात, ट्रम्पेट एकटं वर चढतं,
आणि सूर लागायच्या आधी
एक बारीक फ्स्‌.

सुई उचलली, फुंकर मारली, पुन्हा ठेवली.
धूळ नव्हती.
ती फट माझ्या ओळखीची आहे,
एक पूर्णांक आठ मिलिमीटर, तिरकी, आत जरा रुंद.
मी ती भरून टाकली,
तीनशे दहा डॉलरला, हप्त्यांनी.

साचा खणात आहे. ठेवायची मुदत उलटली,
मदतनीस दोनदा म्हणाली, टाकू का.
एकदा दार लावून
प्लास्टरच्या त्या कोपऱ्यातून मी फुंकूनही पाहिलं.
काही नाही. तोंडाला पांढरी पूड लागली.

दात बसवला त्याच वर्षी, ऑगस्टात, ते येऊन गेले होते,
वेळ न घेता. मी दुसऱ्या पेशंटच्या तोंडात होते.
काउंटरवर कागदी रुमालात गुंडाळून काही ठेवलेलं.
उघडलं :
कणीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत साफ,
एक दाणा सोडलेला नाही,
आणि पहिला चावा
डाव्या दातानं घेतलेला. ते मला कळतं.