सकाळची नाडी

नंदुरबारला आधी वारा बघायचा,
मग धावायचं की नाही ते ठरवायचं.
पश्चिमेचा असला तर तो मिरचीच्या पथाऱ्यांवरून येतो
लाल ठसका घेऊन,
आणि मातीच्या ट्रॅकवर
मुलींची छाती अर्ध्या फेरीतच आखडते.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.
माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

बाकीची वही सुमली पावराची.
तोरणमाळच्या खालचा पाडा, वय एकोणीस, पाच हजार मीटर.
धावण्याआधी वजन, धावल्यावर वजन.
मधले अकराशे ग्रॅम गेले कुठे?
ती म्हणते, मातीने प्यायले.
मी म्हणते, मग परत घेऊ,
आणि तांब्यात लिंबू, गूळ, चिमूटभर मीठ,
घोटाघोटाने,
एकदम नाही.

कानाच्या पाळीला सुई टोचते.
तिथे बाळ्यांची तीन भोकं आधीच, चौथं माझं.
मोहरीएवढा थेंब पट्टीवर चढतो
आणि यंत्र सांगतं
पाय कुठल्या वेगाला आंबायला लागले.
त्या वेगाच्या अलीकडे, सुमली, अलीकडे.
आठवड्यातले चार दिवस अलीकडेच राहायचं.

हिलाल सर कुंपणाला टेकून हसतात.
"पोर पयस तं पयू दे ना, बाई,
घोडीले काय थर्मामीटर लावतस?"

त्यांचंही अगदीच चूक नाही.
तीस वर्षं त्यांनी नुसत्या शिट्टीवर पोरं पळवली,
त्यातली कितीतरी पोलिसात लागली.
काहींचे गुडघे आता जिना चढत नाहीत,
पण त्यांची वही कुणी ठेवली नव्हती.

मला रोज हवी असते फक्त सकाळची नाडी.
डोळे उघडल्यावर, अंथरूण सोडायच्या आधी,
गळ्याला दोन बोटं, पूर्ण एक मिनिट.
सोमवार बावन्न. मंगळवार बावन्न.
बुधवार, गुरुवार, शुक्रवार बावन्न.
कुठलंच काळीज इतकं शहाणं नसतं.
आणि त्याखाली, त्याच शाईत,
अजून न उजाडलेला शनिवार:
बावन्न.

शनिवारी पाचला मी वसतिगृहात गेले.
जागीच होती. मनगट धरलं.
सहासष्ट.
ती छताकडे बघत राहिली.
"जास्त लिहिलं की तुम्ही बसवता.
मी बसले की नाशिकला दुसरी जाते."

मला उत्तर येत होतं.
स्नायू धावताना झिजतात, झोपेत विणले जातात,
हे मी शिबिरांत चित्रं दाखवून सांगते.
त्या अंधारात, सहा पोरींच्या श्वासांमध्ये,
ते फारच शिकलेलं वाटलं.
एवढंच म्हटलं,
बावन्नवालीला मी ओळखत नाही.
मला या सहासष्टवालीला नाशिकला न्यायचंय.

ती उठून बसली. माझं मनगट ओढलं,
माझ्याच घड्याळात बघत, ओठ हलवत मोजलं.
"एक्क्याऐंशी.
ताई, तुम्हीच झोपा."

मग दोन दिवस काही नाही.
भाकर, उडदाची डाळ, रावेरची केळी,
झोप, पुन्हा केळी.
काही न करणं किती अवघड असतं
ते तिच्या पायांच्या बोटांकडे बघून कळायचं,
चादरीखाली ती अजून फेऱ्या मोजत होती.

रविवारी दुपारी गेले तर
व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून हिलाल सर,
शिट्टी खिशात,
नळावर बादल्या आपटणाऱ्या पोरींना दटावत होते:
"हळू व्हा जरासं. सुमली झोपेल शे."
मला बघून त्यांनी मान फिरवली,
जणू उन्हासाठीच बसले होते तिथे,
त्रेचाळीस अंशांत.

सोमवारची नोंद वेगळ्या शाईत आहे.
सत्तावन्न.
आणि खाली, मी न विचारता,
वाकड्या अक्षरात:

स्वप्न पडलं. त्यात मी चालत होते.
वारा पूर्वेचा.