पेव

हरिपुरात हळद जमिनीखाली झोपायची.
वर गवत, शेणामातीचं लिंपण, खुंट्याला एखादी शेळी;
खाली मडक्याच्या पोटासारखा अंधार,
पोतीच्या पोती हळकुंडं गिळून गप्प.
परक्या माणसाला कळायचंही नाही
आपला पाय कशावर पडतोय.

अब्बा पेव उघडायचे.
तोंडावरचा दगड सरकला की लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा दोरीनं,
हातभर, मग आणखी हातभर,
आणि वाकून बघत राहायचं.
ज्योत टिकली तर खाली श्वास आहे.
विझली तर थांबायचं,
व्यापारी कितीही ओरडो.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत
हाफिजसाहेब सांगायचे, एक रात्र आहे,
हजार महिन्यांहून मोठी.
त्या रात्री कलाम उतरलं. त्या रात्री फरिश्ते उतरतात,
रूह उतरते, फजर होईपर्यंत सलामती.
कोणती, ते झाकून ठेवलंय.
एकविसावी, तेविसावी, पंचविसावी...
विषम आकड्यांत शोधा.

मी आठ वर्षांचा. मला उतरणं एकच ठाऊक.
वाटायचं, वरून कुणीतरी आधी कंदील सोडत असेल
आमच्यात श्वास आहे का बघायला.

अब्बांनी कोळशानं पोत्यावर हिशेब मांडला होता:
हजार भागिले बारा.
त्र्याऐंशी वर्षं, वर चार महिने.
"एवढं कोण जगतंय," म्हणाले,
आणि पोतं उलटं करून अंथरलं.

बाविसावा रोजा सुटायला पाव तास असेल,
येसबा कंदिलाशिवाय उतरला.
गाडी भरायची घाई, कंदिलात तेल नाही,
आणि नेहमीचंच तर पेव.
पहिल्या हाकेला ओ आली.
दुसरीला नुसता दोर हलला.
तिसरीला तोही नाही.
अब्बांनी ओलं फडकं नाकाला बांधलं,
कमरेला कासरा, वर चौघं.

ती रात्र त्यांनी कृष्णेच्या काठावर काढली.
येसबा पिवळा, अब्बा पिवळे,
खोकला पिवळा, वांतीही पिवळी.
मशिदीत तरावीह झाली, लोक घरी गेले.
अब्बांच्या खिशात दोन खजूर होते.
एक येसबाला, डोळे उघडल्यावर.
तोवर दुसराही खाल्ला नव्हता.
घरी अम्मी सहरीची भाकरी थापत तस्बीह मोजत होती,
भाकरीचं पीठ मण्यांना लागत होतं.

मग सत्ताविसावी आली.
मशिदीवर दिव्यांच्या माळा, दुधाचं सरबत,
आम्ही पोरं दुसऱ्या रकातीतच आडवी.
अब्बा शेवटच्या रांगेत रडत होते.
घरी आल्यावर अम्मीला म्हणाले,
"खाली असताना मला अल्लाचं नावच आठवलं नाही.
तोंडातून एकच निघत होतं:
ओढा. ओढा. ओढा."
अम्मीनं परातीवरून मानही वर केली नाही.
"फिर," म्हणाली, "खेंच्या ना?"

त्यावर अब्बा काही बोलले नाहीत.
नंतरही कधी नाही.

आता पेवांत पुराचं पाणी जाऊन मुरलंय,
काहींवर घरं आहेत, फरशी बसवलेली.
अब्बा गेले तेव्हा हजारातले साडेसातशे झाले होते.
मी विषम रात्री मशिदीत बसतो.
काल पंचविसावी होती. मला डुलकी लागली.
जागा झालो तेव्हा इमाम सलाम फिरवत होते,
माझा चेहरा नेमका भिंतीकडे.

येताना येसबाच्या दारावरून आलो.
म्हातारा ओट्यावर, पायाशी कंदील.
"औंदा तुमची ती रात कंची रं?"
माहीत नाही, काका. सांगत नाहीत.
"आसूं दे. मी समद्याच जागतो.
तसंबी झोप कुठं येती."
आणि काच काढून, धोतराच्या सोग्यानं,
आतली काजळी पुसत राहिला.