सेकंड

एकतीस वर्षं मी टॉवेल तपासले
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात.
ट्यूबलाइटखाली पसरायचा, उलटायचा, बोटं फिरवायची,
एक फासा सुटलेला लागला
की कोपऱ्यावर शिक्का : सेकंड.
चांगला माल बोटीनं परदेशी,
सेकंड इथंच, पेठेत, किलोवर.

मी रिटायर झालो. बोटं झाली नाहीत.
रविवारी मंडळीत बसलो तरी चालूच.
शलमोनचा पोरगा दुसऱ्या गीताला आत येतो : सेकंड.
पाळकांच्या उपदेशात मधेच धागा तुटतो : सेकंड.
आणि रूथम्मा, आमच्या शिलाई खात्यातली,
आता घरी विड्या वळते,
तिसऱ्या बाकावरून सगळ्यात मोठ्यानं गाते.
तिच्या तेलुगू तोंडात
कृपा पुल्लिंगी होते, क्रूस स्त्रीलिंगी.

उपवासकाळ लागला. पाळक म्हणाले,
यंदा मटण सोडू नका, मोठेपणा सोडा,
रोज थोडाथोडा.
मी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले.
सोमवार : जावई चुकीचं बोलला, दुरुस्त केलं नाही.
मंगळवार : रेशनच्या रांगेत मागं थांबलो. दोनदा.
गुरुवार : भाकरी करपली होती. गप्प खाल्ली.
शनिवारी बेरीज केली. अकरा.
खाली दुहेरी रेघ मारली आणि बरं वाटलं.
फारच बरं वाटलं.
मग वहीकडं बघवेना.

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री दोनला, आणि दाब नसतो.
म्हणून नळ खड्ड्यात.
आधी हातभर होता, मग कमरेइतका केला,
यंदा आणखी खणला.
पाणी वर चढत नाही,
माणसानंच उतरायचं.

उतरलो. घागर लावली.
गुडघ्यावर बसलो
आणि गुडघा धरला.
मार्चमधली रात्र, खड्ड्याच्या भिंतीसुद्धा कोमट.
घागर भरली, वाहू लागली, माझं धोतर भिजलं.
हाक मारायची तर कुणाला?
वाकायची तयारी केली होती मी, रकान्यांसकट.
कुणी उठवावं लागेल
याची नव्हती केली.

वरून आवाज : “काय मास्तर, प्रार्थना का पाणी?”
“दोन्ही,” म्हणालो.
खोटं.
रूथम्मानं कळशी ठेवली,
कमरेचा टॉवेल सोडला,
एक टोक खाली टाकलं. “धरा.”
म्युनिसिपाल्टीच्या पिवळ्या दिव्यात
कोपऱ्यावर पुसट, निळा,
माझ्याच हाताचा शिक्का.
त्या लॉटचे तिचे आठ दिवसांचे पैसे
मी कापले होते. मला आठवलं.
तिला आठवलं का, ते कळलं नाही.
विचारायला तोंडही नव्हतं.
बहात्तर किलोचा मी
एका सुटलेल्या फाशावर लोंबकळलो
आणि तो तुटला नाही.

वर आल्यावर म्हणालो, आता तू आधी भर.
ती म्हणाली, “बडबड नका करू, पाणी जाईल,”
आणि माझीच दुसरी घागर खाली सोडली.

वहीत त्या रात्रीचं काही लिहिलं नाही.
लिहिलं नाही, हे मात्र
बायकोला सांगितलं.
ती “हं” म्हणाली आणि कूस बदलली.

रविवारी रूथम्मा गायली. कृपा पुल्लिंगीच.
माझी बोटं सवयीनं बाकावर फिरली
आणि मागच्या बाजूला
पितळी पट्टीवर येऊन अडली.
बाक मीच दिलेला. पट्टीवर नाव आहे,
हुद्द्यासकट.

वाटलं, त्यावर टॉवेल टाकून बसावं.
मग लक्षात आलं,
तेही चारचौघांना दिसेल.