माप

चिपळूणची एस.टी. गेली की आधी खिडकी वाजते,
मग बांगड्या.
भूकंपात आधी बांगड्या.
एवढं मला शाळेत जायच्या आधीपासून येतं.

आमचं दुकान म्हणजे कोयनाकाठची पत्र्याची शेड,
त्या सालानंतर सरकारनं दिलेली. तात्पुरती.
तात्पुरतीला आता नातवंडं झाली.
थंडीत पत्रा आतून पाझरतो,
आणि धुकं फाटायच्या आत अब्बा दोऱ्यांवरची काच पुसायचे,
एकेक डझन, जुन्या लुंगीच्या फडक्यानं.

मोजायची त्यांची रीत होती.
नुसती रेशमी किणकिणली तर अडीच,
गिऱ्हाइकाचा हात सोडायचा नाही.
हिरवा चुडा बोलला तर साडेतीन.
आरसा खिळ्यावर हलला, तर उठा,
चपला शोधू नका.
सकाळी रेडिओ आकडा सांगायचा.
जुळला नाही तर अब्बा म्हणायचे,
त्यांचं यंत्र जरा सैल झालंय.

नदीचं तसं नाही. ती भोंगा वाजवून येते.
धुणी उचला, म्हशी वर घ्या,
कुणाचं पोर गळ टाकून बसलंय त्याला हाक मारा.
जमिनीला भोंगा नाही.
बिनबोलावता येणारी पाहुणी, हौसाक्का झोरे म्हणायच्या,
आणि धक्का ओसरला की
तवा पुन्हा चुलीवर.

बांगडी फुटली म्हणू नये,
हे मला गिऱ्हाइकांनीच शिकवलं.
बांगडी वाढते.
माझ्या हातून डझन खाली गेला
तर अब्बाही वहीत तसंच लिहायचे:
वाढली, बारा.

त्या पहाटेबद्दल ते फार बोलले नाहीत.
रोजे चालू होते. सहेरीला उठलेले,
तांब्या घेऊन अंगणात आले,
वळून बघितलं तर
घर नव्हतं, धूळ होती.
इतकंच. आणि तेही माझ्या लग्नात
व्याह्यांनी खोदून विचारलं म्हणून.

बाकीचं हौसाक्कांनी सांगितलं,
अब्बांच्या चाळिसाव्याला, भांडी घासता घासता.
चेहरे कळत नव्हते, म्हणाल्या.
मातीनं सगळ्या बाया एकसारख्या केलेल्या.
मग हवालदारानं मणेराच्या पोराला बोलावलं.
बावीस वर्षांचा. मिसरूडसुद्धा धड नाही.
तो ओळीनं उकिडवा बसत गेला,
एकेक मनगट हातात घेऊन,
बाजाराच्या दिवशी घेतो तसं,
अंगठ्यानं हाड चाचपत.

दोन चार. ही देवकरांची धाकटी, मागल्या सोमवारी भरल्यात.
दोन सहा. वरच्या आळीची सोनाबाई, हा डाग भाकरीचा.
ह्या हातात काही राहिलं नाही,
पण हा हात डावीकडून भरावा लागतो, करंगळी मोडलेली,
झिलू सुताराची आई.
दोन दोन.
इथं तो थांबला.
हिला मी फुकट घातलेल्या, म्हणाला,
हिच्या मापाच्या मिळतच नव्हत्या.

दुपारी कुणी त्याला पाणी दिलं.
रोजा आहे, म्हणाला.
हात धुवायला द्या.

ती वही माझ्याकडे आहे.
ढिगाऱ्यातून काढलेली, कडेला ओल खाल्लेली.
डिसेंबरच्या पानावर उधारीची नावं,
नावापुढे माप, मापापुढे पैसे.
काही नावांपुढचे पैसे खोडलेत.
तिथं आकडा नाही,
नुसतं
वाढली.
अक्षर एकदम सरळ,
शाळेत कित्ता गिरवावा तसं.

परवा रात्री पावणेतीनला बसला एक.
मी उठले नाही. अंधारात कान दिला.
नुसती रेशमी.
पलीकडच्या शेडमधून हौसाक्कांच्या नातवानं
पत्र्यावर थाप मारली:
मावशे, किती?

अडीच, मी ओरडले.
झोप.