मॅच

अब्बांनी पहिल्यांदा विचारलं होतं,
"मॅच? कुणाकुणात?"
आमच्या पेठेत मॅच म्हणजे एकच,
शाहू स्टेडियमवरची, हलगी आणि धुरळ्यासकट.
मी वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं:
ही मी. ही तिकडची हॉस्पिटलं, एकशे बारा.
बोलावतील त्यांना मी क्रम लावायचा, त्यांनी मला,
मग मार्चमधल्या एका सोमवारी यंत्र सांगणार
कोण कुणाच्या वाट्याला.
"म्हंजे स्थळ बघण्यातलाच प्रकार की,"
अब्बा म्हणाले, आणि कात्रीचं दुसरं पातं
चाकावर धरलं.

लक्ष्मीपुरीत ते चाक चाळीस वर्षं फिरतंय.
माझ्या परीक्षेची फी डॉलरांत,
अब्बांनी ती कात्र्यांत मोजली:
पहिला पेपर, तीन हजार कात्र्या.
दुसऱ्या पेपराला
त्यांनी मोजायचं सोडून दिलं.

अर्जात मी तहसीन शिकलगार,
आणि पुढच्या रकान्यात: परदेशी पदवीधर.
निपाणीच्या पलीकडं कधी न गेलेली मी
सीपीआरच्या आवारात चहा पिता पिता
एकदम परदेशी झाले.

मुलाखतीला भिंतीवर पांढरी चादर ठोकली,
पतसंस्थेचं कॅलेंडर झाकायला.
वर कोट, खाली सलवार.
पलीकडच्या डॉक्टरीणबाई छान हसल्या, म्हणाल्या,
पदवीनंतर दोन वर्षांची पोकळी दिसते.
मी पाठ केलेलं उत्तर दिलं.
पुराच्या आठवड्यात शिरोळकडं बोटीतून जाताना
इन्सुलिनचा डबा मांडीवर धरून बसले होते,
बर्फ वितळून कपडे भिजले,
हे त्या पोकळीतलंच.
पण ते पाठ केलेलं नव्हतं.

आणि गडहिंग्लजच्या त्या आजीबाई.
दुखतंय कुठं विचारलं तर म्हणाल्या,
"दुखत न्हाई गं, जिवाला ग्वाड वाटंना."
सराव म्हणून रात्री ते इंग्रजीत लिहून बघितलं,
शून्य ते दहापैकी किती, कधीपासून, कशानं कमी होतं.
सगळे रकाने भरले
आणि बाई कागदावरून निघून गेली.

गेल्या मार्चला एकाच ओळीत आटपलं होतं:
कळवण्यास खेद वाटतो.
अम्मीनं भाकरी उलटता उलटता विचारलं,
"तुझं जमलं नाही, का त्यांचं?"
मला अजून सांगता आलेलं नाही.

आज परत सोमवार.
याद्या बंद होऊन बारा दिवस झाले.
कॅज्युअल्टीला मी एकटी, इंटर्न जेवायला गेलेला,
शिरोली एमआयडीसीतला एकजण भाजलेल्या हातावर
फुंकर मारत बाकावर बसलेला.
साडेसातला एप्रनच्या खिशात फोन थरथरला.
एकदाच.

तेवढ्यात चौघांनी उचलून आणला
गोलकीपर, उजवा खांदा निखळलेला,
दातांत माती, एकाच पायात बूट.
"मॅडम, आधी ह्याचं बघा."
बघितलं.
कोपर धरून हात हळूहळू बाहेर वळवत नेला.
इथं घाई केली की स्नायू अडून बसतात,
म्हणून त्याला बोलतं ठेवायचं:
नाव काय, तालीम कुठली, घरी कळवलंय का.
घरी नको म्हणाला.
खांदा आत बसतो तो आवाज
कानाआधी तळहाताला ऐकू येतो.
त्यानं एक कचकचीत शिवी दिली आणि लगेच "सॉरी मॅडम".

झोळी बांधताना त्याचा रंग परत आला.
"मॅच बघितली काय, मॅडम?"

"अजून नाही," मी म्हणाले.

पोरं हसली.
"आता काय बघताय,
ती कवाच संपली की."