नीरम

हिद्दच्या ड्रायडॉकमध्ये जहाज उभं असतं
चारचौघांत पोट उघडं टाकून.
मॅनहोलमधून आम्ही आत उतरतो.
वर सुभान परकार, मांडीवर वही:
किती आत गेले, किती बाहेर आले.
दोन आकडे जुळेस्तोवर तो चहाला शिवत नाही.

टाकीत गुडघाभर चिखल.
बॅलास्टच्या पाण्यातून आलेला,
कुठल्या बंदराचा, कोण जाणे.
फावड्याला कधी तिसरी लागते,
मिटलेली, आपल्याकडच्यापेक्षा लांबट.

माल उतरला की जहाज पाणी पितं.
नाहीतर उंच तरंगतं,
सुकाणू अर्धं हवेत,
वारा म्हणेल ती दिशा.
सेफ्टीच्या तासाला हे मला एका मल्याळी साहेबानं शिकवलं.

आजा याला नीरम म्हणायचा.
बुधलहून वासे नि काथ्या घेऊन त्याचं गलबत इकडे यायचं,
परतीला खजूर कमी पडला
तर तळात दगड भरायचे, इथलेच,
पांढरट, भोकाभोकांचे.
आमच्या न्हाणीपाशी तसला एक आहे.
आईनं जन्मभर त्यावर धुणं आपटलं,
तो कुठला, कोणी विचारलं नाही.
मुहर्रकच्या एका पडक्या भिंतीत
परवा मला त्याचे भाऊ भेटले.

कॅम्पातली ट्यूब डोळे मिचकावत होती.
रोमेल म्हणाला, बॅलास्ट गेला.
चोक रे, मी म्हटलं.
शिडीवर चढून त्यानं बदलला,
जळका खिशात टाकला.

एप्रिलात सुभानला घरी पाठवलं.
चार पगार अडकलेले.
बॅग काट्यावर धरली: नऊ किलो.
तीस चालतात, म्हणाला,
आणि हसायला गेला, ते जमलं नाही.
पोरं दारातूनच धावत येतात रे, बॅग ओढायला.
जड लागायला हवी.

मग हाताला येईल ते भरलं.
साबण, डाळ, माझे लोखंडी टाचेचे बूट,
कोणाचा तरी पाना.
रोमेलनं जळका चोक दिला,
तांबं असतं म्हणाला आत.
अठ्ठावीस.
सुभाननं एका हातानं उचलून पाहिली,
खांदा खाली गेला,
तेव्हा कुठे तो सरळ उभा राहिला.

वही आता माझ्याकडे.
काल सतरा आत गेले.
सोळा आले, आणि बराच वेळ
कोणी आलं नाही.
मग शिडीवर एक टोपी दिसली, चिखलानं माखलेली.

चहा गार झाला होता.
तसाच प्यालो.