उतारावर पाठ करून

खुर्ची घरी आली तेव्हा ती मला मोठी होती.
पायपट्ट्या कुणा उंच माणसाच्या मापाने लावलेल्या,
माझे पाय हवेत,
जत्रेतल्या पाळण्यात बसवलेल्या पोरासारखे.
सातपूरच्या कंपनीत सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांनी केलेलं काम मोजलं.
व्हर्नियर काढायच्या आधीच
बोटाला कळायचं, हा पीस परत जाणार.
आणि आता उरल्या आयुष्याची बैठक
दोन इंचांनी चुकलेली.

यमुना भोये, सुरगाण्याकडची, वय बावीस.
तिला म्हटलं, डब्यातून ॲलन की काढ.
ती नाही, तिच्याहून बारकी.
पट्टी वर घे. अजून. मांडी गादीला सपाट टेकू दे,
आणि खाली, जमिनीपासून चार बोटं मोकळी,
नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला अडकेल.
ती बोटं लावून थांबली.
"माझी का तुमची?"
सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
तिची चार म्हणजे माझी साडेचार.
आम्ही तिचीच धरली.

मग हवा. चाक अंगठ्याने दाबलं की दबता कामा नये,
मऊ चाकाला ब्रेक नुसता चिकटतो, धरत नाही.
"आणि हा गाडी थांबवायचा ब्रेक नाही बरं,
थांबलेली गाडी थांबलेली ठेवायचा."
ती हसली. "आमच्याकडं बैलगाडीच्या चाकाखाली
दगड लावतात, तोच की हा."
तोच.
त्या दिवसापासून ब्रेकला आमच्या घरात दगड म्हणतात.

बुधवारी गंगेवर गेलो, बाजाराला.
(गोदावरी पाहुणे म्हणतात.)
निघताना तिने पदर खोचला, माझा.
एकदा तो आऱ्यांत गेला होता
आणि चाकाने मला मानेपासून ओढायला घेतलं होतं,
ते आम्ही दोघी बोलत नाही.

उतार लागला. ती नेहमीसारखी पुढे ढकलू लागली
आणि मी सीटवरून सुटत चालले,
पट्टा छातीत, खालची कोथिंबीर, मेथी,
सगळा बाजार माझ्या अंगावर येऊ लागला.
थांब. दगड लाव.
आता फिरव मला. हो, उलटी.
तू आधी खाली उतर, मी तुझ्यामागून,
तोंड वर करून. सावकाश. मागे बघत जा.

उलटं उतरताना गाव वेगळं दिसतं.
जे आत्ता मागे टाकलं ते समोर येऊन लांब जातं:
चिवड्याचं दुकान, रसवंतीचं घुंगरू,
शाळेतून सुटलेली एक मुलगी
माझ्याकडे बघत उभी, बारीक होत गेलेली.
खाली काय आहे ते मला दिसत नाही.
पाठीला यमुनेचा श्वास लागतो,
आणि तो ठीक चाललाय.

खाली एक दांडगा भाजीवाला धावत आला,
"उचलू का मावशी?" विचारलं
आणि उत्तराआधी उचललंही.
खुर्चीचा हात निघून त्याच्या हातात.
बिचारा तो तसाच उभा,
जणू माझाच हात मुळासकट उपटला.
यमुना म्हणाली, "दादा, हात निघतात, तिथं धरायचं नाही.
आधी विचारायचं,
आणि सांगतील ते ऐकायचं."
हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.
त्याने आम्हाला आल्याचा एक तुकडा फुकट दिला.

पुढे घाटाची सपाट फरशी लागली.
म्हटलं, सोड.
"सोडू?"
सोड म्हणजे सोड. कडीवर हात टाकले,
चाकं जड, मग कमी जड,
फरशीच्या सांध्यावर पुढची चाकं अडली,
मागे रेलले, पुन्हा ढकललं, गेली.
ती काही बोलली नाही. मी वळून बघितलं नाही.
पण ऊन आमच्या पाठीमागून येत होतं
आणि फरशीवर सावल्या पडल्या होत्या:
खुर्चीची मूठ,
तिच्या मागे उघडे दोन हात,
मधे मोकळी जागा.
नजरेनेच मोजली. सवय जात नाही.
चार बोटं.
तिची.